प्रार्थनेला बसते, म्हणून मी खोटी ठरते का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून): पत्र लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत. अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर त्या संशोधन करतात. उत्क्रांती त्यांना रोज पेट्री डिशमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीत, दिसते. गेल्या वर्षी त्यांचे वडील गेले. ते रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दहा मिनिटं प्रार्थना करायचे. ते गेल्यावर महिन्याभराने ताई त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून तीच प्रार्थना म्हणू लागल्या. कॉलेजात असल्यापासून त्यांनी देव मानला नव्हता, आणि आज मानतात की नाही हे त्यांनाच सांगता येत नाही. एका सहकाऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुझ्या निष्कर्षांवर विश्वास कसा ठेवायचा?" मामा मात्र खूश झाले: "विज्ञान जिथे थांबतं तिथे देव सुरू होतो. आलीस ना शेवटी ताळ्यावर!" दोघांचंही बोलणं ताईंना झोंबलं. त्यातच सात वर्षांच्या भाचीने विचारलं, "आत्या, आजोबा आता कुठे आहेत?" ताईंना उत्तर सुचलं नाही. त्या लिहितात, "दोन्हींपैकी एक सोडलं तर मी मोकळी होईन असं वाटतं. कोणतं सोडू?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "कोणतं सोडू?" या प्रश्नापाशी प्रत्येक वेळी थांबले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं आपण म्हणतो, आणि तुम्ही या दोन्हींना तलवारी समजून चालला आहात. ते तसं आहे का, हे आधी बघू.

काही वर्षांपूर्वी माझ्या भावाचं मोठं ऑपरेशन झालं. रक्त चढवायच्या आधी नर्सने पिशवीवरचा रक्तगट मोठ्याने वाचला, केसपेपरशी ताडून पाहिला, मग दुसऱ्या नर्सला बोलावून तिच्याकडून पुन्हा वाचून घेतला. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. माझे ओठ हलत होते, आईने लहानपणी शिकवलेले शब्द होते ते. पण डोळे पिशवीच्या लेबलवर होते, आणि तिसऱ्यांदा मी स्वतः वाचलं. त्या क्षणी कुणी म्हणालं असतं, "प्रार्थना चालू आहे ना, मग लेबल कशाला तपासता?" तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. आणि कुणी म्हणालं असतं, "लेबल तपासून झालंय, आता ओठ हलवायचं काय कारण?" तर तो काय बोलतोय हेच मला समजलं नसतं. लेबल वाचणं हे भाऊ जगावा म्हणून होतं. ओठ हलणं हे तो जगेल की नाही ते माझ्या हातात नाही, याच्यासाठी होतं.

आता यावरून "दोन्हींची क्षेत्रंच वेगळी, मग भांडण कसलं?" असं म्हणून मी तुम्हाला मोकळं करू शकले असते. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ साली जवळपास हेच मांडलं. जग कसं आहे ते विज्ञान सांगतं, कसं जगावं आणि त्याचा अर्थ काय ते धर्म सांगतो, दोघांनी आपापल्या हद्दीत राहावं. सुटसुटीत वाटतं आणि अर्ध्याहून अधिक वेळा उपयोगीही पडतं. पण मला ते पुरतं पटत नाही, कारण धर्म आजवर कधीच फक्त अर्थाबद्दल बोललेले नाहीत. सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी धर्मग्रंथातल्या पिढ्या मोजून जगाची सुरुवात इसवी सनपूर्व ४००४ मध्ये झाली असं ठरवलं. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणातल्या शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं. इथे "आपापली हद्द" म्हणून दोघांचीही समजूत काढता येत नाही. एक आकडा चुकीचा आहे.

म्हणून माझी भूमिका थोडी कडक आहे. वाक्य धर्मग्रंथातलं असो, गुरूंचं असो की आपल्या बाबांचं, ते जगात काय घडतं याबद्दल असेल तर त्याला इतर कोणत्याही वाक्यासारखंच परीक्षेला बसावं लागेल. प्रार्थनेलाही यातून सूट नाही. डॉक्टर हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांमधले बायपासचे १,८०२ रुग्ण त्यात होते. अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याने गुंतागुंत कमी होते का, एवढाच प्रश्न होता. कमी झाली नाही. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात तर गुंतागुंत थोडी जास्तच दिसली, ५९ टक्के. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल का? तुमच्या पत्रावरून वाटतं, नाही वाटणार. तुम्ही त्या खुर्चीशेजारी बसून कुणाचं काही बरं करून घेत नव्हतात. वडील तर आधीच गेले होते.

आता तुमच्या सहकाऱ्याकडे वळू. त्याच्या बोलण्यात एक समजूत दडलेली आहे, की विज्ञान विश्वासार्ह आहे ते वैज्ञानिकाच्या डोक्यात योग्य मतं असतात म्हणून. तसं असतं तर विज्ञान एक दिवसही टिकलं नसतं, कारण डोक्यात काय काय घेऊन माणसं प्रयोगशाळेत येतात ते तुम्ही रोज पाहता. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले अब्दुस सलाम श्रद्धाळू मुसलमान होते, स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच सिद्धांताला पोचले होते. समीकरण बघून ते कुणाचं, हे सांगता येणार नाही. तुमच्याच विषयातलं उदाहरण हवं असेल तर आनुवंशशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉब्झान्स्की घ्या. उत्क्रांतीच्या उजेडाशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, हे त्यांचं १९७३ चं म्हणणं तुमच्या पाठ्यपुस्तकात नक्की असणार. तो माणूस ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होता, आणि त्याच लेखात त्यांनी स्वतःची श्रद्धा लपवली नाही.

त्यामुळे सहकाऱ्याने पुन्हा विचारलं तर रागावू नका. त्याला सांगा, "माझ्या निष्कर्षांवर विश्वास ठेवूच नकोस. वही घे, कंट्रोल बघ, प्रयोग परत लाव." १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी या ब्रिटिश वैज्ञानिक संस्थेचं ब्रीदवाक्यच आहे, की कुणाच्याही शब्दावर विसंबू नका. देव मानणाऱ्याच्या नाही आणि न मानणाऱ्याच्याही नाही. पण त्याच्या प्रश्नातला एक भाग रास्त आहे आणि तो मी झाकणार नाही. समजा उद्या एखादा निष्कर्ष तुमच्या श्रद्धेला बोचला आणि तुमचा हात ती नोंद करताना अडखळला, तर त्याचा संशय खरा ठरेल. असं आजवर झालंय का, हे फक्त तुम्हालाच माहीत.

मामांसाठी, आणि खरं तर मामा व सहकारी दोघांसाठीही, मला एक गोष्ट सांगायची आहे. ती थोडी लांबेल, पण या सगळ्या वादात माझी सर्वांत आवडती तीच.

जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते आणि त्याच वेळी उत्तम गणिती भौतिकशास्त्रज्ञही. विश्व प्रसरण पावतंय असं त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. आइन्स्टाइनना त्यांचं गणित मान्य होतं, भौतिकशास्त्र नव्हतं. १९३१ मध्ये लमेत्र आणखी पुढे गेले: हे सगळं विश्व एका आदिम अणूतून सुरू झालं असावं. आता धर्मगुरूच्या तोंडून "विश्वाला सुरुवात होती" हे आल्यावर काय होणार? निरीश्वरवादी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांना त्यात सृष्टीच्या निर्मितीच्या कथेचा वास आला. त्यांनी विश्व कायमच असं होतं हा पर्यायी सिद्धांत मांडला, आणि १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना लमेत्रच्या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव दिलं. दुसऱ्या बाजूला १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी हा सिद्धांत जणू निर्मात्याची साक्ष देतो अशा अर्थाचं भाषण केलं. म्हणजे मामा जे म्हणतात तेच, फक्त फार मोठ्या व्यासपीठावरून.

लमेत्र खूश व्हायला हवे होते ना? ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला तो सारखाच मोकळा ठेवतो, हे त्यांचं म्हणणं ठाम होतं. निकाल शेवटी लागला तो ना श्रद्धेने, ना श्रद्धेच्या रागाने. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना आपल्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती, कोणत्याही दिशेला वळवली तरी तेवढीच. अँटेनातली कबुतरांची घाण साफ केली तरी ती गेली नाही. विश्वाच्या तप्त सुरुवातीची ती उरलेली ऊब होती. ही बातमी लमेत्रना १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडंच आधी कळली.

लमेत्र का अस्वस्थ झाले असतील, याचा विचार मामांनी करावा असं मला वाटतं. विज्ञान थांबतं तिथे देव ठेवला, की विज्ञान एक पाऊल पुढे गेलं की देवाला एक पाऊल मागे सरावं लागतं. न्यूटनचं हेच झालं. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हळूहळू बिघडत जातील आणि मग ईश्वराला मधूनमधून त्या सावराव्या लागतील, असं त्यांना वाटत होतं. पुढे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १७८५ च्या सुमारास दाखवलं, की गुरू आणि शनी यांच्या गतीतला फरक सुमारे ९०० वर्षांच्या चक्रात मागे-पुढे होतो, वाढत जात नाही. न्यूटनने देवासाठी राखून ठेवलेलं काम गणिताने करून टाकलं. ज्याची श्रद्धा अशा कामावर उभी असेल, त्याला प्रत्येक नव्या शोधाची भीती वाटत राहणार. मामांशी वाद घालू नका. एवढंच म्हणा, "मामा, मी काही समजलं नाही म्हणून बसत नाही. बाबांची आठवण येते म्हणून बसते." ते गप्प बसतील, किंवा त्यांनाही आठवण येईल. ते तुमच्या आईचे भाऊ आहेत, बाबांना त्यांनीही गमावलंय.

धर्म आणि विज्ञान यांचं जन्मजात वैर आहे, ही समजूत आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. ती पसरली मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जॉन ड्रेपर यांच्या १८७४ च्या आणि अँड्र्यू व्हाइट यांच्या १८९६ च्या ग्रंथांतून. आज विज्ञानाचे इतिहासकार ते चित्र एकांगी मानतात. पण म्हणून गॅलिलिओचा छळ खोटा ठरत नाही. १६३३ मध्ये, सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाला गुडघ्यावर बसवून आपलं म्हणणं मागे घ्यायला लावलं, आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं. त्याचा ग्रंथ चर्चच्या निषिद्ध यादीतून १८३५ पर्यंत निघाला नव्हता. सत्तेच्या जोरावर वस्तुस्थिती ठरवायला निघालेला धर्म काय करू शकतो, याचा विसर पडू देऊ नये. तुम्ही संध्याकाळी जे करता त्याचा या सत्तेशी मात्र काही संबंध नाही.

विज्ञानाच्या बाजूनेही हद्द ओलांडली जाते, आणि ती तुमच्या टेबलावरच दाखवता येईल. समजा एक नवं अँटिबायोटिक आलं. ते मुक्तपणे वापरलं तर जिवाणू किती लवकर त्याला पुरून उरतील, हे तुम्ही मोजू शकता. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या डोसाचा धोका सांगून ठेवला होता. पण ते औषध पुढच्या पिढीसाठी राखून ठेवायचं, की आज तापाने फणफणलेल्या रुग्णाला द्यायचं? याचं उत्तर कोणत्याही पेट्री डिशमध्ये उगवत नाही. 'आहे' यावरून 'असायला हवं' आपोआप निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४० मध्येच दाखवलं. तेव्हा "विज्ञानाने सिद्ध केलंय की जगण्याला अर्थ नाही" असं कुणी म्हणालं, तर तोही प्रयोगशाळेबाहेर येऊन बोलतोय, पण अंगावरचा पांढरा कोट न काढता. इथे एक सांगायलाच हवं: 'असायला हवं' याची मक्तेदारी धर्माकडे आहे असंही मी मानत नाही. ह्यूम काही धार्मिक नव्हते. देव न मानता अतिशय नेकीने जगणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत.

मग तुम्ही करायचं काय? एक गोष्ट सुचवते. तुमच्यासारखीच पत्रं मला दोन्ही बाजूंनी येतात, श्रद्धा सुटलेल्यांची आणि अचानक परत आलेल्यांची, त्यांनाही ती लागू पडेल. आठवडाभर, प्रार्थना झाल्यावर, जे शब्द म्हटले ते वहीत लिहा. तुमची प्रयोगाची वही असते तशीच साधी वही, तारीख टाकून. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे जगाबद्दलचं विधान आहे, मागणं आहे, आभार आहेत, की नुसतं कुणाला तरी हाक मारणं आहे? जिथे विधान असेल तिथे थांबा आणि स्वतःला विचारा: हे मी खरंच मानते का, आणि उलट पुरावा आला तर सोडेन का? सोडणार नसाल, तर तिथे तुमच्या दोन आयुष्यांत खरी तेढ आहे आणि तिच्यावर काम करावं लागेल. मागणं असेल तर बघा, त्यामुळे तुम्ही करायचं एखादं काम टळतंय का. डॉक्टरकडे जाणं, माफी मागणं, एखादी चाचणी पुन्हा लावणं. आभार आणि हाक यांना पुरावा मागायची गरज मला दिसत नाही. "बाबा" असं रिकाम्या खोलीत म्हणणं खरंही नसतं आणि खोटंही नसतं. माझा अंदाज आहे की तुमच्या वहीत विधानं फार थोडी निघतील. पण मी अंदाजावर बोलतेय, वही तुमची आहे.

आणि "देव मानते की नाही हे सांगता येत नाही" यासाठी स्वतःला दोषी धरू नका. डार्विनलाही ते नीट सांगता आलं नाही. उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, यात शंका घेणंच त्यांना निरर्थक वाटत होतं; तसं त्यांनी १८७९ मध्ये एका पत्रात लिहिलं. स्वतःबद्दल मात्र मत हेलकावे खातं असं कळवलं. त्यांची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली, आणि अनेक चरित्रकारांच्या मते उरलीसुरली श्रद्धा तिच्याबरोबर गेली. म्हणजे ज्याच्या सिद्धांताने जगाचा विश्वास हलला असं आपण म्हणतो, त्याचा स्वतःचा विश्वास बहुधा एका लहान मुलीच्या आजारपणाने जास्त हलला. मृत्यूने काहींची श्रद्धा जाते, तुमच्या बाबतीत तिच्यासारखं काहीतरी परत आलं. दोन्हीकडे कारण विज्ञान नाही. तुम्ही पत्रात विज्ञान आणि धर्म यांच्याबद्दल दोन पानं लिहिलीत आणि बाबांबद्दल चार ओळी. मला वाटतं, ते चार ओळींचं पत्र तुम्हाला आधी लिहायला हवं होतं. ते आता लिहा. मला पाठवायची गरज नाही.

राहिली भाची. तिचा प्रश्न या सगळ्यात सर्वांत अवघड आहे, आणि तिला तुम्ही टाळलंत हे तिच्या लक्षात आलेलं असणार. मुलांशी खोटं बोलू नये, दोन्ही बाजूंनी. "आजोबा वरून बघतायत" हे तुम्ही मानत नसाल तर म्हणू नका. तिला पुढे कधीतरी ते आठवेल. "मेलं की संपलं" हेही तुम्हाला ठाऊक असल्याच्या सुरात म्हणू नका. सात वर्षांच्या मुलीला तीन गोष्टी सांगता येतात. शरीराचं काम थांबलं, आता आजोबांना दुखत नाही, भूक लागत नाही, हे आपल्याला नक्की माहीत आहे. त्यापलीकडे आजोबा स्वतः काय मानायचे, ते त्यांच्या शब्दांत सांगा, "आजोबांना असं वाटायचं" अशी सुरुवात करून. आणि तुम्हाला काय वाटतं असं तिने विचारलं, तर "मला माहीत नाही, मीही विचार करतेय" म्हणा. हे वाक्य तुम्ही प्रयोगशाळेत दिवसातून दहादा म्हणत असाल. घरात म्हणायला जड जातं, कारण मुलं आपल्याकडे खात्री मागायला येतात. पण तिला खात्रीपेक्षा जास्त हवंय ते कुणीतरी तिच्यासोबत बसणं.

संध्याकाळी ती घरी असेल तर तिला शेजारी बसू द्या. शब्द म्हणायला लावू नका, नकोही म्हणू नका. तिने पुढचा प्रश्न काय विचारला ते मला जरूर कळवा.